बिनगाण्याचं लग्न

आमच्या धाकट्याला एक घाणेरडी खोड आहे. टीव्हीवर सिनेमा चालू असतो, सगळे बसलेले असतात, आणि गाणं लागलं रे लागलं की हा रिमोट उचलून ते पळवतो. हिरो-हिरॉईन बिचारी अंगात आल्यासारखी डोंगर चढतात, उतरतात, सतरा कपडे बदलतात, आणि हा जांभई देत म्हणतो, "हं, आता गोष्ट पुढे सरकेल." अरे मुडद्या, गोष्ट सरकली ती त्या डोंगरावरच. खाली उतरली तेव्हा त्यांचं सगळं ठरलेलं होतं. तुला काय, उतरलेलीच दिसली.

मी भाजी निवडायला टीव्हीपुढे बसते ती गाण्यांसाठीच. बोलणी चालू असली की मान खाली, गाणं लागलं की मान वर. हा माझी मान वर व्हायच्या आत गाणं संपवतो. त्यामुळे हल्ली आमच्या घरी भाजी फार स्वच्छ निवडलेली असते, एवढाच काय तो फायदा.

बोललं की शिकवायला लागतो. सिनेमाचा कोर्स करून आलाय ना.

"आई, खरी माणसं अशी मध्येच गाणं म्हणतात का? तू कधी म्हटलंस, बँकेच्या रांगेत?"

"माझ्या मागे वीस-पंचवीस बायका एकसारख्या साड्या नेसून नाचायला उभ्या असत्या तर म्हटलं असतं," मी म्हणाले. "तुझी बँक पैसे द्यायला जेवढा वेळ लावते, त्यात दोन गाणी सहज बसली असती."

"गाणं म्हणजे खोटेपणा असतो गं. पुढचं सुचलं नाही की घाला गाणं."

आता हे कोणी बोलावं? ज्याचं दूध, वह्या-पुस्तकं, फार काय तो कोर्ससुद्धा गाण्यांवर झाला, त्याने. आमचं लग्नाच्या व्हिडिओचं दुकान आहे. यांनी, म्हणजे याच्या वडिलांनी, कॅमेरा खांद्यावर पोत्यासारखा घ्यावा लागायचा तेव्हापासून ते चालवलं. दिवसभर लग्न शूट करायचं, मग दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तुकडे जोडायचे आणि वर सिनेमातली गाणी चढवायची. त्याला आमच्यात मिक्सिंग म्हणतात. यांचे नियम ठरलेले. पाहुणे फोटोला स्टेजवर आले की उडतं गाणं. जेवणाला नुसतं संगीत, शब्द नाहीत, कारण तोंडात घास असताना शब्द शोभत नाहीत. निरोपाला बाईच्या आवाजातलं, संथ. आणि सगळ्यांवरचा नियम असा, की माणसाचे ओठ हलताना दिसले की त्याचा आवाज काढून टाकायचा आणि तिथे गाणं घालायचं. मग तो माणूस कोणी का असेना.

"लग्नात माणसं काय बोलतात ते ऐकू आलं तर पुढचं लग्न कोणी करणार नाही," हे म्हणायचे. "आपलं दुकान बसेल."

सिनेमातसुद्धा तेच की. मी शाळेत फार गेले नाही, पण सिनेमाला पुष्कळ गेले. गाणं नसतं तर हिरोला पोरीला डोंगरावर न्यायला तिच्या बापाची परवानगी काढावी लागली असती. कुठला बाप देईल? गाण्यात विचारावं लागत नाही. पहिल्या कडव्यात बाळ रांगतं, दुसऱ्यात ते मोटार चालवतं. मधली आजारपणं, शाळेची फी, आईबापांची भांडणं, सगळं त्या सतारीखाली दडपलं जातं. जे चारचौघांत बोलायचं नाही पण व्हायला तर हवं, त्याला गाणं लागतं.

आमचंच घ्या. लग्न ठरल्यावर आम्हाला एकदा सिनेमाला सोडलं, मधल्या खुर्चीवर माझा थोरला भाऊ. तीन तासांत हे माझ्याशी एकच वाक्य बोलले, तेही भावाच्या डोक्यावरून. "गाणं चांगलं आहे." मी समजायचं ते समजले. हेच त्यांनी सरळ बोलून दाखवलं असतं तर भावाने थिएटरातच थोबाड रंगवलं असतं.

तर असल्या घरातला हा पोरगा, आणि त्याच्या हातात आम्ही लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ दिला.

लेक धाकट्याहून मोठी. स्वभावाने गोड, माझ्यावर गेली नाही. तिचं लग्न होऊन दीडेक महिना झाला होता. सासर चांगलं आहे, म्हणजे नावं ठेवायला मला अजून काही सापडलेलं नाही. जावई साधे, व्याही खाऊन-पिऊन सुखी. विहीणबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मोजून बोलतात, मोजून हसतात, आणि समोरच्याने जास्त तोंड चालवलं की चष्म्यावरून बघतात. माझ्याकडे तर त्या आजवर चष्म्यावरूनच बघत आल्या होत्या.

लेकीला त्या वाईट वागवत नव्हत्या. पण आपली म्हणतही नव्हत्या. कोणी आलं की ओळख करून द्यायच्या, "ही नवीन सून." फ्रिज नवीन असतो, सोफा नवीन असतो, तशी सून नवीन. घरात शिरायला जागा मिळाली होती, घर मिळायचं होतं. लेक फोनवर म्हणाली, "आई, आत्ता कुठे त्या माझ्या हातचा चहा कपाळाला आठी न घालता प्यायला लागल्यात. रविवारी आम्ही सगळे तुझ्याकडे व्हिडिओ बघायला येतोय. तू लग्नाच्या दिवशी काय काय बोललीस ते मला माहितीय. गाणी जरा मोठ्या आवाजात घालायला सांग."

"मी काय बोलले?"

"आई."

मी म्हटलं, गॅसवर दूध आहे, आणि फोन ठेवला.

यांचे डोळे आता बारीक कामाला चालत नाहीत, आणि कानांनी तर कधीचीच रजा घेतलीय. उभा जन्म स्पीकरला टेकून काढल्यावर दुसरं काय होणार. म्हणून व्हिडिओ धाकट्याकडे. तो मागच्या खोलीत दार लावून बसायचा. जेवायला हाक मारायला गेले की हेडफोन उतरवून माझ्याकडे टकामका बघायचा आणि हसू दाबायचा. मला वाटलं, पडलाय कुठेतरी प्रेमात.

"झालं का रे?"

"होतंय. ताईच्या व्हिडिओत एकसुद्धा खोटी गोष्ट नसेल, बघ तू."

मला बरंच वाटलं. मी समजले, याने बदाम काढले. मिक्सिंगमध्ये नवरा-नवरीला आधी बदामात बसवतात, मग गुलाबात, मग राजहंसाच्या पाठीवर. मला ते हंस कधीच आवडले नाहीत, दोघांचं वजन बघावं आणि हंस बघावा. पण हा गाणी काढेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. वाण्याचा पोरगा गिऱ्हाइकाला रिकामी पुडी बांधून देईल असं कोणाच्या मनात येतं?

रविवारी मंडळी आली. विहीणबाई सोफ्याच्या मधोमध बसल्या, एका हाताला व्याही, दुसऱ्या हाताला जावई, आणि लेक कडेला, स्टुलावर. स्वतःच्या माहेरी स्टुलावर. हे टीव्हीच्या अगदी जवळच्या खुर्चीत, मांडीवर रिमोट. दुकान धाकट्याला दिलं, पण पाहुण्यांसमोर व्हिडिओ लावायचा मान यांनी सोडलेला नाही, आणि तो रिमोट त्यांच्या हातातून काढून घेणं म्हणजे राजाच्या डोक्यावरचा मुकुट ओढणं. पहिला चहा देऊन झाला होता, मी दुसऱ्या फेरीचा ट्रे घेऊन दारात.

चित्र सुरू झालं. हॉलचं दार, दिवे, फुलं. खुर्च्या ओढल्याचा आवाज, कोणाचं तरी पोर रडतंय, कोणीतरी खोकतंय. मला वाटलं, गाणं मागून येतंय. हेही वाट बघत होते.

"गाणं का नाही लागत?" हे म्हणाले आणि आवाज वाढवला.

"बाबा, गाणं घातलंच नाही," धाकटा छाती काढून म्हणाला. "हा त्या दिवसाचा खरा आवाज आहे. एक माईक ताईच्या पदराच्या पिनेला होता, आणि एक स्टेजवरच्या फुलदाणीत."

"काय?" हे म्हणाले आणि आणखी वाढवला.

फुलदाणी. स्टेजच्या उजव्या अंगाला, कमरेएवढी. दिवसभर मी तिला खेटून उभी होते, कारण पंख्याचा वारा तिथेच येत होता.

पहिला फटका जावयांना बसला. ते मान कलती करून लेकीकडे बघत होते, डोळ्यांत पाणी. इथे यांनी असं काही गाणं घातलं असतं की मुख्याध्यापिकेचा चष्मासुद्धा धुरकटला असता. गाणं नव्हतं. जावई म्हणत होते, "बूट चावतोय गं. अजून किती माणसं आहेत?" आणि लेक खाली बघून, लाजून, म्हणजे इतके दिवस आम्ही जिला लाजणं समजत होतो तसं करून, म्हणाली, "माझ्या डोक्यात पिनांचा कारखाना खुपसलाय. मी बोलतेय का?"

व्याही खदखदून हसले. जावयांनी कपाळाला हात लावला. विहीणबाई अर्ध्या हसल्या, त्यांच्या मापाने ते पुष्कळ. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. धाकट्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बघितलंस?

मग जेवण आलं. व्याही लेकीच्या शेजारीच बसलेले, त्यामुळे तिच्या पिनेने त्यांचा घास न् घास टिपलेला. एवढ्या मोठ्या आवाजात माणूस चावताना ऐकला की फार प्रेम राहत नाही त्याच्यावर. आणि घासांच्या मधून व्याही कोणाला तरी सांगत होते, "जेवण झकास आहे हो. पण वाढतायत कसे, औषध दिल्यासारखे. एक चमचा सकाळी, एक चमचा रात्री."

व्याह्यांच्या हातातलं बिस्कीट चहाच्या वर लोंबकळत राहिलं.

"ते मी त्या वाढप्याबद्दल," ते म्हणाले.

"हो हो, वाढपी मेला तसलाच होता," मी म्हणाले, आणि यांना खूण केली. मूठ मिटली, म्हणजे बंद करा. यांनी मान डोलावली आणि आवाज पार शेवटपर्यंत नेला. एवढ्या वर्षांच्या संसारात आमच्या खुणा कधी चुकल्या नव्हत्या, त्या नेमक्या तेव्हा चुकल्या.

आणि चित्रात मी आले.

फुलदाणीशेजारी मी, माझ्या शेजारी माझी बहीण, आणि मागून विहीणबाई स्टेजच्या पायऱ्या चढून येतायत, अंगावर सगळे दागिने. मी काय बोलले होते ते मला शब्द न् शब्द आठवत होतं. म्हणाले होते, "बघ गं, गळ्यात सोनाराचं अख्खं कपाट घालून आलीय. नमस्काराला वाकली तर उचलायला जॅक आणावा लागेल." लग्नाच्या दिवशी माणूस दमलेला असतो. बरं, जॅक तर लागलाच असता.

पण हे इथे, याच खोलीत, त्याच बाईसमोर? मी लेकीकडे बघितलं. तिने माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही, नुसते डोळे मिटले, इंजेक्शन घेताना मिटतात तसे. दीड महिना मान खाली घालून त्या घरात जेवढी जागा केली होती, तेवढी एका वाक्यात जाणार होती, आणि वाक्य माझं.

"बघ गं," टीव्हीतली मी म्हणाली, "गळ्यात..."

आणि मी गाणं म्हटलं.

सगळा जन्म गाण्यांत गेला. कुठल्या प्रसंगाला कुठलं गाणं हे मला झोपेतून उठवून विचारा. आणि वेळेला एका गाण्याचा एक शब्द आठवेना. मग जे हातात होतं त्याचंच केलं. "चहा घ्या हो, चहा घ्या, वाफ आहे तोवर घ्या." चाल कुठली तर तीन-चार गाण्यांची खिचडी. ट्रे घेऊन मी सोफ्याच्या या टोकापासून त्या टोकाला निघाले, कप नाचतायत, बिस्किटं उडतायत. आवाज माझा आधीच दणदणीत, त्यात भीती मिसळलेली. टीव्हीतली मी हरली.

"आई, काय करतेस?" धाकटा ओरडला.

"पाहुण्यांना विचारते," मी सुरातच म्हणाले आणि पुढच्या ओळीला गेले. "बिस्कीट आहे कुरकुरीत, बुडवून घ्या हो, बुडवून घ्या." व्याह्यांनी गुपचूप बुडवलं.

पण दुसऱ्या कडव्याला माझा दम संपला. सिनेमात अशा वेळी बासरी वाजते. आमच्याकडे यांच्या खुर्चीची करकर. मी श्वास घ्यायला थांबले, टीव्हीकडे बघितलं, तर जॅकची गोष्ट होऊन गेलेली. चित्रात आता मी नव्हते. फुलदाणीशेजारी विहीणबाई होत्या, त्यांच्या शेजारी त्यांची बहीण, आणि दोघी समोर कोणाकडे तरी बघत होत्या. मी तेव्हा समोरच फोटोवाल्याला झापत उभी होते. विहीणबाई बहिणीच्या कानाला लागल्या.

"ती मुलीची आई बघितलीस का," टीव्ही म्हणाला, "ती अगदी..."

सोफ्यावरच्या विहीणबाई ताठ झाल्या. चष्मा काढला, मांडीवर ठेवला. आणि शाळेच्या प्रार्थनेला लावतात त्या पट्टीत त्यांनी धरलं, "साखर किती, साखर किती, सांगा मला साखर किती." माझीच चाल. हाताने गुडघ्यावर ठेका. मी लगेच खालून धरलं. त्यांनी विचारायचं, मी सांगायचं, दोन चमचे, तीन चमचे, साखरेचा डबा संपला तरी आमचं गाणं संपेना. जावई टाळ्या वाजवायला लागले, व्याह्यांनी टेबल बडवलं. चित्रात दोघींचे ओठ हलत होते आणि एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

हे समाधानाने मागे टेकले.

"आता कसं," म्हणाले. "बाईचा गळा जरा बसलाय. पण गाणं चांगलं आहे."

इतक्या वर्षांनी तेच वाक्य. तेव्हा मध्ये भाऊ बसला होता, आता विहीणबाई. मी यांच्या बशीत एक बिस्कीट जास्तीचं ठेवलं.

गाणं थांबलं तेव्हा आम्हा दोघींना धाप लागलेली. विहीणबाई पदराने डोळे पुसत होत्या, हसून. लेकसुद्धा हसत होती. टीव्हीकडे कोणाचं लक्षच नव्हतं, आणि तेवढ्यात निरोप आला.

लेक माझ्या गळ्यात पडलेली. तिची पिन बरोबर माझ्या तोंडाखाली. आवाज शेवटपर्यंत.

"रडू नको. डोळ्याचं काळं गालावर आलंय, फोटोत भूत दिसशील," टीव्हीतली मी म्हणाली. माणसं हसली. मग तीच मी, हळू, पण त्या आवाजात हळू कसलं, म्हणाली, "आणि ऐक. तुझ्या खोलीचं कुलूप मी बदलणार नाही. किल्ली तुझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकलीय. कोणी काही म्हटलं तर बॅग भरत बसू नको. अंगावरच्या कपड्यांनिशी ये."

माझ्या छातीत एका ओळीएवढासुद्धा दम नव्हता. आणि दम असता तरी ह्याच्यावर काय म्हणणार, साखर किती? कोणी काही म्हटलं तर. ते 'कोणी' सगळे समोर सोफ्यावर बसलेले होते, माझा चहा पीत.

विहीणबाईंनी चष्मा लावला. झालं, मी म्हटलं मनात. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, टीव्हीकडे बघत होत्या, जिथे गाडीचं दार लागत होतं.

"माझ्या आईने," त्या मोजून म्हणाल्या, "त्याच दिवशी माझी खोली भावाला दिली. मी गाडीत बसत होते तेव्हा आत पलंग सरकवल्याचा आवाज आला होता."

व्याह्यांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. त्यांनाही हे नवीन होतं वाटतं.

"किल्ली आहे का गं अजून?" विहीणबाईंनी लेकीला विचारलं.

लेकीने पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून किल्ली काढली आणि शाळेत पकडल्यासारखी हातावर ठेवून दाखवली.

"वेगळ्या कडीत ठेव," विहीणबाई म्हणाल्या. "आपल्या घराच्या किल्लीला जोडून ठेवलीस तर घाईत दारात चुकीची लावशील. आणि त्या स्टुलावरून ऊठ, इकडे बस. सरका हो जरा."

व्याही सरकले. लेक सोफ्यावर बसली. आपल्या घराच्या. ते तिने ऐकलं, मी ऐकलं, यांना सोडून सगळ्यांनी ऐकलं.

मंडळी गेली. जाताना दारात लेकीने धाकट्याचा कान धरला आणि हळूच म्हणाली, "शेवटचं ते मला तसंच दे. त्यावर गाणं नको." मी स्वयंपाकघरात होते, पण माझे कान यांच्यासारखे नाहीत.

मग धाकटा आला, विजयी वीर. ओट्याला टेकून उभा.

"बघ आई. गाणं घातलं असतं तर आज हे झालं असतं का?"

मी कप विसळत राहिले. पोरगं अगदीच चुकीचं बोलत नव्हतं, म्हणून जास्त राग आला.

"आणि त्या तुझ्याबद्दल काय म्हणाल्या होत्या, सांगू? मी दहा वेळा ऐकलंय."

मी नळ मोठा सोडला. तो पुढे काही बोलला असेल तर त्या पाण्यात गेलं. मग नळ बंद केला, हात पुसले, आणि त्याला म्हणाले, "ताईला तिचा निरोप तसाच दे, बिनगाण्याचा. ते वाक्य मी तिच्यासाठी बोलले होते, तिचं आहे. पण फुलदाणीपाशी जे जे कोणी बोललंय, त्याच्यावर गाणं घाल, नाचाचं, ढोलासकट. तू दहा वेळा ऐकलंस आणि तरी ठेवलंस, म्हणजे तुला कान आहेत, अक्कल नाही. खरी माणसं मध्येच गाणं म्हणतात का, विचारत होतास ना? म्हणतात. तुझ्यासारखा पोरगा पोटी आला की म्हणावंच लागतं. कुठलं वाक्य उघडं ठेवायचं आणि कुठलं झाकायचं हे कळेपर्यंत रिमोटला हात लावायचा नाही, तो तुझ्या बापाचा. आणि ते हंस परत घाल. विहीणबाई जाताना विचारत होत्या, हंस कसे नाहीत म्हणून."